परक्या फौजेच्या पहाऱ्यात लोकशाही रुजते का?

इंदुरात ‘छावणी’ म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती धान्यमंडी. जवळच रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीचं ठाणं, आणि शहराबाहेर तासाभराच्या आत महूची लष्करी छावणी. या तिन्ही ठिकाणांचं मूळ एकच आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांची फौज हरली, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला आणि माळव्यात कंपनीच्या पलटणी कायमच्या मुक्कामाला आल्या. त्यानंतर जवळजवळ १३० वर्षं दरबारात इंग्रजांचा शब्द अखेरचा होता. १९०३ मध्ये शिवाजीराव होळकरांना आणि १९२६ मध्ये तुकोजीराव तिसरे यांना गादी सोडावी लागली. राजे बदलण्याइतकी सत्ता हातात होती, पण इंदूरच्या सामान्य माणसाला आपलं सरकार निवडायचा हक्क मिळाला तो इंग्रज गेल्यावर, १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत. लोकशाही आणणं हा त्या फौजेचा हेतूच नव्हता.

म्हणून कुठल्याही लष्करी ताब्याबद्दल पहिला प्रश्न हाच विचारावा, की फौज आली कशासाठी? दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे: हेतू खरोखर लोकशाहीचा असेल, तर फौजेला ते जमतं का? जपान आणि पश्चिम जर्मनीकडे बोट दाखवून ‘जमतं’ म्हणणारे आहेत, इराक आणि अफगाणिस्तानकडे बोट दाखवून ‘कधीच जमत नाही’ म्हणणारेही आहेत. दोन्ही बाजू घाई करतात. आमचं म्हणणं असं: फौज जुलमी सत्ता हटवू शकते, मतदानाला संरक्षण देऊ शकते, आणि देशात कारभाराची घडी आधीपासून असेल तर ती विस्कटू न देता नव्या मालकाच्या, म्हणजे मतदाराच्या, हाती सोपवू शकते. पण जी घडी तिथे नव्हतीच, ती बाहेरून बसवून देणं फौजेला जमलेलं नाही. आणि जी होती ती स्वतःच्या हातानं मोडली, तर परत बसवायला एक पिढीही पुरत नाही.

कायदा काय सांगतो

‘ताबा’ या शब्दाला आंतरराष्ट्रीय कायद्यात नेमका अर्थ आहे. १९०७ च्या हेग नियमांतल्या ४२ व्या कलमाप्रमाणे एखादा प्रदेश शत्रूच्या फौजेच्या प्रत्यक्ष अधिकाराखाली आला की तो ताब्यातला प्रदेश. ४३ वं कलम ताबेदार फौजेवर दोन जबाबदाऱ्या टाकतं: सार्वजनिक शांतता आणि जनजीवन पूर्ववत करणं, आणि अगदीच अशक्य नसेल तर तिथले प्रचलित कायदे पाळणं. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारानं नागरिकांच्या संरक्षणाचे नियम त्यात घातले.

अडचण इथेच सुरू होते. कायद्याच्या नजरेत ताबेदार हा तात्पुरता राखणदार. घरमालक परत येईपर्यंत घर सांभाळायचं, भिंती पाडायच्या नाहीत. लोकशाही आणायला निघालेल्याला मात्र भिंतीच पाडायच्या असतात: नवी घटना, नवे कायदे, नवे अधिकारी. म्हणून ताब्यात केलेल्या प्रत्येक सुधारणेवर ‘हे करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?’ हा प्रश्न उभा राहतो. त्याचं पटेल असं उत्तर तिथल्या लोकांनी निवडलेली सभाच देऊ शकते. ती जितकी उशिरा येईल तितका हा प्रश्न चिघळतो.

जपान: घडी मोडली नाही

दुसऱ्या महायुद्धात हरलेल्या जपानची गोष्ट बहुतेकदा अशी सांगतात की ताबेदार फौजेचे अमेरिकी प्रमुख जनरल मॅकार्थर आले, एका आठवड्यात घटना लिहून दिली आणि लोकशाही सुरू झाली. आठवड्याची गोष्ट खरी आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये त्यांच्या मुख्यालयातल्या शासन विभागानं जेमतेम आठवडाभरात मसुदा तयार केला आणि १३ फेब्रुवारीला जपानी मंत्र्यांपुढे ठेवला. ३ मे १९४७ पासून लागू झालेल्या त्या घटनेत आजवर एकही दुरुस्ती झालेली नाही.

पण या चित्रातून बरंच काही सुटतं. जपानला १८८९ पासून लिखित घटना होती, १८९० पासून संसद होती, १९२५ मध्ये सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला होता. पक्ष, वर्तमानपत्रं, कामगार संघटना हे सारं १९३० च्या दशकात लष्करशहांनी दाबण्याआधी जपाननं पाहिलेलं होतं. अमेरिकी मसुदाकारांच्या टेबलावर सुझुकी यासुझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेला खासगी जपानी मसुदा होता, आणि त्यावर १८८० च्या दशकातल्या जपानी जनहक्क चळवळीच्या मसुद्यांची छाप होती. पुढे आधी जपानी सरकारशी झालेल्या वाटाघाटीत आणि मग संसदेतल्या चर्चेत जपान्यांनी बदलही केले. अमेरिकी मसुद्यात एकच सभागृह होतं, वाटाघाटीत त्याची दोन झाली. किमान सुसंस्कृत जीवनमानाचा हक्क देणारी तरतूद संसदेत समाजवादी सदस्यांनी घालून घेतली. स्त्री-पुरुष समानतेच्या कलमाचा मसुदा बिएटे सिरोटा या २२ वर्षांच्या तरुणीनं लिहिला. तिचं बालपण टोकियोत गेलं होतं आणि तिथल्या बायकांचं जगणं तिनं जवळून पाहिलं होतं.

यापेक्षाही महत्त्वाची बाब कारभाराची. अमेरिकनांनी जपानवर थेट राज्य केलं नाही. हुकूम मुख्यालयातून निघायचे, अंमल जपानी मंत्रालयं करायची. गावचा पोलीस, शाळामास्तर, रेशनचा कारकून, कर गोळा करणारा हे आपल्या जागीच राहिले. सुमारे २ लाख लोकांना पदांवरून दूर केलं, त्यांत लष्करी अधिकारी मोठ्या संख्येनं होते. जपानची फौज तर पूर्ण बरखास्त झाली, पण कशी? युद्ध मंत्रालय आणि नौदल मंत्रालय यांचीच १ डिसेंबर १९४५ रोजी ‘सैन्यविसर्जन’ मंत्रालयं करण्यात आली. ज्या कचेरीकडे सैनिकांच्या याद्या होत्या त्याच कचेरीनं शस्त्रं जमा केली, नावं खोडली आणि माणसांना घरी पाठवलं. हा तपशील कंटाळवाणा वाटेल, पण इराकशी तुलना करताना हाच सगळ्यात उपयोगी पडतो.

दुसरं मोठं काम जमिनीचं. १९४६ च्या कायद्यानं गावाबाहेर राहणाऱ्या जमीनदाराची कुळाकडची सगळी जमीन सरकारनं विकत घेतली. गावात राहणाऱ्याला कुळाकडची फक्त सुमारे १ हेक्टर ठेवता आली, उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर ४. ती जमीन कसणाऱ्यांना विकली. कुळांकडची जमीन एकूण शेतजमिनीच्या सुमारे ४६ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आली. महाराष्ट्रातल्या कूळकायद्याच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांना याचा अर्थ सांगायला नको. मालकाच्या मेहरबानीवर जगणारं कूळ मालकाला विचारून मत देतं, आणि सातबारा नावावर झाला की ते बंद होतं. हे कामही नवं नव्हतं, जपानी कृषी खात्यातल्या अधिकाऱ्यांनी त्याची तयारी युद्धाआधीच केलेली होती.

महूत जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी आपल्या संविधान सभेत सांगितलेली गोष्ट इथे तंतोतंत लागू पडते: घटनेचं रूप न बदलता, केवळ प्रशासनाचं रूप बदलून घटना विकृत करता येते. म्हणून तर आपल्या घटनेत प्रशासनाचा इतका तपशील आला. नुसती चांगली घटना लिहून देणाऱ्या ताबेदारांनी हे भाषण वाचायला हवं होतं.

जर्मनी: खालून वर

पश्चिम जर्मनीत फौजेनं निवडणुका खालून वर नेल्या. अमेरिकी क्षेत्रात जानेवारी १९४६ मध्ये, शरणागतीनंतर आठच महिन्यांनी, २० हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावांत मतदान झालं. मग जिल्हे, मग शहरं, वर्षअखेरीला प्रांत. देशाची मूलभूत संहिता, म्हणजे घटना, आली २३ मे १९४९ ला आणि संसदेची निवडणूक १४ ऑगस्ट १९४९ ला. म्हणजे गावच्या सरपंचापासून चॅन्सलरपर्यंत पोचायला साडेतीन वर्षं घेतली. या काळात कोण कामाचा आणि कोण नुसता बोलघेवडा, हे लोकांना कळलं. पक्षांना उमेदवार पारखता आले. चॅन्सलर झालेले आडेनाउअर १९१७ ते १९३३ कोलोनचे महापौर होते, राजकारणात नवखे नव्हते.

नाझींना वेगळं काढण्याचं काम मात्र सुरुवातीला फसत होतं. प्रौढांना १३१ प्रश्नांची प्रश्नावली भरायला लावली. लाखो कागद साचले, ते वाचायला जर्मन जाणणारे अधिकारी पुरेनात, आणि सदस्यत्वाच्या नुसत्या नोंदीवरून डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक घरी बसले. मार्च १९४६ मध्ये हे काम जर्मन न्यायमंडळांकडे सोपवलं. त्यांनी बऱ्याच दोषींना फार सौम्यपणे सोडलं, आणि त्याची खंत जर्मन समाजात पुढे कित्येक दशकं राहिली. तरी कारभार उभा राहिला. ही अदलाबदल न्यायाच्या दृष्टीनं बोचणारीच आहे, पण ती टाळता येईल अशी वाट कुठल्या ताब्यात सापडलेली दिसत नाही.

किती सैनिक लागतात

शांतता राखायला दर हजार लोकांमागे २० सैनिक, हा लष्करी अभ्यासकांचा ढोबळ आकडा आहे. २०११ च्या जनगणनेत इंदूर शहराची वस्ती २० लाखांच्या आसपास होती. त्या हिशेबानं एकट्या इंदूरला ४० हजार माणसं. तीन पाळ्या करा, त्यातून स्वयंपाक, दुरुस्ती, दळणवळण, आजारी आणि रजेवरचे वजा करा, मग राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत एका वेळी रस्त्यावर १० हजारही दिसणार नाहीत.

इराकची लोकसंख्या २००३ मध्ये सुमारे अडीच कोटी होती, म्हणजे ५ लाख सैनिक हवे होते. अमेरिकेचे होते सुमारे दीड लाख. अफगाणिस्तानात २००२ मध्ये परकी फौज हजारी एकालाही पुरत नव्हती, आणि आंतरराष्ट्रीय शांतता दल जवळजवळ काबूलपुरतं होतं. मे १९४५ मध्ये जर्मनीत अमेरिकेचे १६ लाख सैनिक होते. जपानमध्ये मात्र १९४५ च्या अखेरीस साडेतीन लाख, आणि लोकसंख्या ७ कोटींवर, म्हणजे हजारी फक्त ५. तरी निभावलं, कारण उरलेलं काम जपानी पोलीस करत होते. तिथली यंत्रणा जितकी शाबूत, तितके बाहेरचे सैनिक कमी लागतात. इराकमध्ये सैनिकही कमी आणले आणि यंत्रणाही मोडली.

इराक: दोन हुकूम

९ एप्रिल २००३ ला बगदाद पडलं. पुढचे काही आठवडे मंत्रालयं, दवाखाने, राष्ट्रीय संग्रहालय लुटलं जात असताना फौज बघत राहिली. खुर्च्या गेल्या त्याचं दुःख कमी, दप्तरं जळली त्याचं मोठं. पगारपत्रकं, जमिनीच्या नोंदी, गोदामांच्या याद्या हाती नसतील तर मंत्रालय म्हणजे नुसती भिंत.

मग अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर आले. १६ मे चा पहिला हुकूम: सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरच्या ४ थरांतले सगळे सरकारी नोकरीतून बाद. त्या राजवटीत बढतीसाठी पक्षात नाव नोंदवणं भाग होतं, त्यामुळे इस्पितळांचे प्रमुख, वीजकेंद्रांचे इंजिनिअर आणि हजारो शिक्षक गेले. २३ मे चा दुसरा हुकूम: फौज आणि सुरक्षा संस्था बरखास्त. काही लाख माणसं एका दिवसात बेकार झाली, बंदुका घरीच राहिल्या, शस्त्रसाठे कुठे आहेत हे त्यांना ठाऊक होतं. भत्ते देण्याची घोषणा झाली ती महिन्याभरानं, निदर्शनं झाल्यावर. जपानमध्येही फौज बरखास्त झाली होती, पण तिथे यादी, कचेरी आणि परतीची गाडी तयार होती. इराकमध्ये फक्त हुकूम होता.

निवडणुकीचा क्रमही उलटा लागला. नजफसारख्या शहरांत २००३ च्या उन्हाळ्यात स्थानिक निवडणुकीची तयारी झाली होती, ती ब्रेमर यांनी रद्द केली. जुलैत २५ जणांची कारभारी परिषद नेमली, ती पंथ आणि वंश मोजून: १३ शिया, ५ सुन्नी, ५ कुर्द, १ तुर्कमान, १ ख्रिस्ती. माणूस कोण यापेक्षा तो कुणाचा, हे आधी विचारायची सवय राज्याला तिथून लागली. घटना लिहिणारे लोकांनी निवडलेलेच हवेत असा आग्रह धरला तो नजफच्या अयातुल्ला सिस्तानी यांनी. लोकशाहीचा मुद्दा मौलवींनी मांडावा आणि ती आणायला आलेल्यांनी तो टोलवावा, यातून त्या ताब्याची दशा कळते.

३० जानेवारी २००५ च्या निवडणुकीत सगळा देश एकच मतदारसंघ केला. हा तांत्रिक निर्णय किती महाग पडला ते आपल्या हिशेबात पाहू. समजा मध्य प्रदेशच्या लोकसभेच्या २९ जागांसाठी मतदारसंघच नाहीत, राज्यभरची मतं एकत्र मोजून यादीप्रमाणे जागा वाटायच्या. एखाद्या भागात भीतीनं किंवा बहिष्कारानं कोणी मत दिलं नाही, तर त्या भागाला प्रतिनिधीच नाही. मतदारसंघ असते तर कमी मतांवर का होईना, तिथला कोणीतरी निवडून आला असता. सुन्नीबहुल अनबार प्रांतात मतदान सुमारे २ टक्के झालं. घटना लिहिणाऱ्या सभेत सुन्नी जवळजवळ नव्हतेच, आणि ऑक्टोबरच्या सार्वमतात अनबार आणि सलाहुद्दीन या प्रांतांनी ती घटना दोन तृतीयांशाहून जास्त मतांनी नाकारली. तिसऱ्या प्रांतानंही तसंच केलं असतं तर ती पडली असती. डिसेंबरच्या निवडणुकीत प्रांतवार जागा दिल्या, पण फेब्रुवारी २००६ मध्ये सामर्रा शहरातली शियांची पवित्र मशीद उडवली गेली आणि यादवी भडकली.

इराकला सरसकट अपयश म्हणणं मात्र तिथल्या मतदारावर अन्याय होईल. निवडणुका आजही होतात, पंतप्रधान त्यातून बदलतात. २०१९ मध्ये हजारो तरुण याच पंथवार वाटणीविरुद्ध रस्त्यावर उतरले, शेकडो मारले गेले, पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला. लोकशाहीची मागणी तिथे खरी आहे, आणि ती त्या तरुणांची आहे.

पैसा कोणाचा

अफगाणिस्तानात २००१ ते २०२१ या काळात २००४ ची घटना, अध्यक्षपद, २४९ जागांचं सभागृह, सगळं होतं. मतपद्धत अशी निवडली की काबूल प्रांतात ३३ जागा, शेकडो उमेदवार आणि प्रत्येकाला एकच मत. त्यात पक्ष वाढणं अशक्यच, कारण पक्षाला आपली मतं उमेदवारांत नीट वाटता येत नाहीत. प्रांतांचे गव्हर्नर अध्यक्ष नेमायचे. घटनेत असलेल्या जिल्हा परिषदांच्या निवडणुका कधी झाल्याच नाहीत.

मुळावर घाव घातला तो पैशानं. सरकारी खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परदेशी मदतीतून यायचा. कर भरणारा हिशेब विचारतो, आणि जिथे करच थोडा तिथे हिशेब देणगीदाराला जातो. मंत्री वॉशिंग्टनकडे तोंड करून बसले. फौजेच्या हजेरीपटावर अस्तित्वात नसलेले सैनिक पगार घेत राहिले. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हाती पडलं तेव्हा त्या राज्यासाठी लढायला फारसं कोणी उरलं नव्हतं, आणि त्याची किंमत शाळेतून घरी पाठवलेल्या मुली आजही भरत आहेत.

बंदूक कोणाच्या हाती सोडून जाता, हा आणखी जुना धडा. अमेरिकी मरीन सैनिक डोमिनिकन प्रजासत्ताकात १९१६ ते १९२४ होते. त्यांनी घडवलेल्या दलात वर चढलेला त्रुहियो १९३० मध्ये हुकूमशहा झाला आणि ३१ वर्षं राहिला. निकाराग्वातून ते १९३३ मध्ये गेले, मागे ठेवलेल्या राष्ट्रीय रक्षकदलाच्या प्रमुखानं, सोमोसानं, तीन-चार वर्षांत देश गिळला. न्यायालयं, पक्ष, वर्तमानपत्रं अशक्त आणि एकच संस्था बळकट केली की ती संस्थाच राज्य होते. पनामात १९८९ मध्ये उलट झालं: एन्दारा त्याच वर्षीच्या मतदानात जिंकले होते, लष्करशहा नोरिएगानं निकाल रद्द केला होता. अमेरिकी फौजेनं दिलं ते लोकांनी आधीच दिलेलं सरकार, आणि पुढे पनामानं घटनेतूनच लष्कर काढून टाकलं.

बांगलादेशातही १९७० च्या निवडणुकीचा कौल हाती होता. भारतीय फौज मार्च १९७२ मध्ये, युद्ध संपल्यावर तीन महिन्यांत, परतली. हे योग्यच झालं असं आम्हाला वाटतं. पण जानेवारी १९७५ मध्ये तिथे एकपक्षी राजवट आली आणि ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष शेख मुजीब यांची लष्करी अधिकाऱ्यांनी हत्या केली. लवकर निघून जाण्यानं परकेपणाचा प्रश्न सुटतो, बाकीचे तिथल्यांनाच सोडवावे लागतात.

हेतूकडे परत

पराभव एक, भाषा एक, भूतकाळ एक, आणि जर्मनीच्या दोन भागांत दोन निकाल. सोव्हिएत क्षेत्रात एप्रिल १९४६ मध्ये समाजवादी पक्षाला कम्युनिस्ट पक्षात विलीन करायला लावलं, १९५० ची निवडणूक एकाच संयुक्त यादीवर झाली, आणि पूर्व जर्मनीच्या संसदेची पहिली मुक्त निवडणूक उजाडली ती १८ मार्च १९९० ला.

अमेरिकेच्याच फौजेचा असाच दाखला ओकिनावाचा. २८ एप्रिल १९५२ ला जपानवरचा ताबा संपला, पण ओकिनावा अमेरिकी प्रशासनाखालीच राहिलं, कारण तिथे हवे होते ते लष्करी तळ. विधिमंडळ निवडलेलं होतं, पण त्याचे कायदे रद्द करायचा अधिकार अमेरिकी उच्चायुक्ताकडे, आणि सरकारचा प्रमुख नेमलेला. डिसेंबर १९५६ मध्ये नाहा शहरानं तळांच्या जमीन-संपादनाला विरोध करणाऱ्या सेनागा कामेजिरो यांना महापौर निवडलं. वर्षभरात उच्चायुक्तानं पालिकेचे नियम बदलले आणि त्यांना पदावरून काढलं. जपानच्या मुख्य बेटावर, होन्शूत, त्या वेळी लोक दहा वर्षं आपलं सरकार मतानं निवडत आले होते. ओकिनावाच्या लोकांना आपला प्रमुख निवडायला नोव्हेंबर १९६८ उजाडला. त्यांनी निवडले यारा चोब्यो, शिक्षक संघटनेचे नेते, आणि त्यांची पहिली मागणी होती जपानमध्ये परत जाण्याची. १५ मे १९७२ ला ती पुरी झाली. तळ अजून तिथेच आहेत.